घटनासेनसेई

घटनासेनसेईंचा फोन आला की पहिल्या शब्दातच कळतं, आज कोण बोलतंय. "अगं, ऐक," अशी सुरुवात झाली तर पलीकडे पुण्याचे, आल्याचा चहा पिणारे, गुडघ्यांची तक्रार करणारे एक गृहस्थ असतात. "आपणच बोलताय ना?" अशी झाली तर पलीकडे संस्थेचे सचिव असतात. कधी कधी एकाच फोनवर दोघंही येतात. "आता मी सचिव म्हणून बोलतोय," असं सांगून ते घसा खाकरतात, कलम सहा, पोटकलम दोन समजावतात, "सचिवांचं बोलणं संपलं," असं जाहीर करतात आणि लगेच विचारतात, "अगं, तुझ्याकडे जाडे पोहे मिळतात का? इथल्या दुकानात मेल्यानं पातळच ठेवलेत."

जपानीतला आदरार्थ शिकवताना मला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही.

त्यांचं खरं नाव अर्थातच दुसरं आहे. जपानी शिकवणाऱ्यांच्या जगात ज्याच्या-त्याच्या आडनावापुढे 'सेनसेई' लागतं, त्यामुळे सभेत कुणीही "सेनसेई!" अशी हाक मारली की अख्खी खोली मागे वळते. म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्या आधी 'घटना' लावून टाकली. घटना म्हणजे संस्थेची. आयुष्यातल्या घटना ते कुणाला सांगत नाहीत.

हा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. सोसायटीत, वाचनालयात, गणेश मंडळात, माजी विद्यार्थी संघात तो असतोच. तो अध्यक्ष कधीच नसतो. अध्यक्ष येतात, हार घालून घेतात, जातात. फाईल मात्र याच्याकडे राहते. सगळे चहाकडे वळलेले असताना "एक मिनिट, मागच्या इतिवृत्ताला मंजुरी घ्यायची राहिली," असं म्हणणारा तोच. आमच्याकडे फरक एवढाच, की हा माणूस अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांच्या एका राज्यात, उणे वीस तापमानात, कानटोपी घालून सापडला.

"तुम्ही दोघं मराठी, राहता अमेरिकेत आणि शिकवता जपानी?" हा प्रश्न आम्हाला दोघांनाही दर लग्नात विचारला जातो. पुण्याच्या माणसाला यात नवल वाटू नये. घटनासेनसेई तरुणपणी दिवसा कारखान्यात ड्रॉइंग करायचे आणि संध्याकाळी सायकल मारत रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकायला जायचे. मी त्यांच्यानंतर वीसेक वर्षांनी त्याच शहरात शिकले. मराठी माणसाला जपानी तशी जवळची. क्रियापद शेवटी. 'ला', 'हून', 'पर्यंत' नामाच्या मागे. म्हणजे वाक्याचा सांगाडा आपलाच. फक्त शब्द बदलून घ्यायचे. आणि 'त्सुनामी'तल्या ज्या 'त्सु'पाशी अमेरिकी पोरं शिंकल्यासारखी अडतात, तो आपल्या चुलीतला 'चु'. तो आपल्या आईनं पोळ्या लाटता लाटता शिकवलेला असतो.

आता संस्थांबद्दल. आमच्या राज्यात जपानी शिक्षकांच्या संस्था दोन. शिक्षक सगळे मिळून एका शाळेच्या बसमध्ये मावतील, पण संस्था दोन. एक कॉलेजवाल्यांची, जुनी. एक शाळावाल्यांची, धाकटी. कॉलेजवाल्यांच्या सभेत साहित्यावर निबंध वाचले जात आणि शेवटी बिस्किटं. शाळावाल्यांच्या सभेत ओरिगामीचा कागद घाऊक भावात कुठे मिळतो याची चर्चा आणि शेवटी पिझ्झा. कॉलेजवाल्यांचं म्हणणं, शाळावाले मुलांना गाणी शिकवून पाठवतात आणि व्याकरण आमच्या गळ्यात बांधतात. शाळावाल्यांचं म्हणणं, गाणी शिकवली नसती तर तुमच्या वर्गात आलं असतं कोण? शिवाय 2007 साली शाळेतल्या मुलांसाठी जपानीची एपी परीक्षा सुरू झाली. शाळेत राहूनच कॉलेजच्या तोडीचा पेपर, तोही संगणकावर. तेव्हापासून शाळावाल्यांची मान जरा ताठ झालेली.

तरीही दोन्हीकडच्यांचं दुखणं एकच. जपानीचा शिक्षक आपल्या इमारतीत एकटा असतो. स्पॅनिशचे सहा, फ्रेंचचे दोन आणि जपानीचा एक. त्याला 'वा' आणि 'गा' या प्रत्ययांवर भांडायला खोलीत दुसरा माणूस नसतो. वर्षातून तीन-चार शनिवारी संस्थेच्या सभेत तो मिळतो. त्यासाठी लोक बर्फातून शंभर-शंभर मैल गाडी चालवत येतात आणि भांडतात.

देशपातळीवरही असंच होतं. 1963 साली स्थापन झालेली असोसिएशन ऑफ टीचर्स ऑफ जपानीज ही मुख्यतः विद्यापीठांतल्या मंडळींची. नंतर शाळांतल्या शिक्षकांचं वेगळं राष्ट्रीय मंडळ निघालं. 1999 साली दोघांनी हातात हात घेतले, तो 'अलायन्स'. 2012 साली दोन्ही संस्था मिळून एकच झाली, अमेरिकन असोसिएशन ऑफ टीचर्स ऑफ जपानीज. या कहाणीत घटनासेनसेईंना एकाच गोष्टीचं अपार कौतुक. अलायन्स ऑफ असोसिएशन्स ऑफ टीचर्स ऑफ जपानीज, म्हणजे एएटीजे. अमेरिकन असोसिएशन ऑफ टीचर्स ऑफ जपानीज, म्हणजे पुन्हा एएटीजे.

"बघ," ते म्हणाले होते, "आघाडीचा विवाह झाला, पण नावाची आद्याक्षरं तीच. नवीन शिक्का करायला नको. याला म्हणतात मसुदा!" डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

वरचे एक झाले म्हटल्यावर खालच्यांनीही व्हावं, असं दोन्हीकडच्या तरुणांना वाटू लागलं. शाळावाल्यांनी मला विलीनीकरण समितीवर पाठवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तुला त्यांची भाषा येते." भाषा येत होती. कलमं येत नव्हती.

समितीच्या पहिल्या बैठकीला घटनासेनसेई खाकी फाईल, थर्मास आणि दोन शिक्के घेऊन आले. एक पुण्याहून करून आणलेला रबरी, गोल, 'सचिव' असा. दुसरा जपानी हांको, त्यावर काताकानात कोरलेलं त्यांचं आडनाव. कागदाला दोन्ही शिक्के लागल्याशिवाय तो त्यांच्या लेखी कागदच नसे. त्यांनी टेबलावर रॉबर्टचं नियमांचं पुस्तक ठेवलं आणि मला त्याचा इतिहास सांगितला. हेन्री रॉबर्ट हा अमेरिकी सैन्यातला इंजिनिअर. एकदा चर्चच्या सभेचं अध्यक्षपद अचानक गळ्यात पडलं आणि सभा कशी चालवायची हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्या फजितीतून नियमांचा अभ्यास सुरू झाला आणि 1876 साली पुस्तक आलं.

"एका माणसाची फजिती झाली," घटनासेनसेई म्हणाले, "आणि सगळ्या देशाला शिस्त लागली. आपल्याकडे फजिती रोज होते, पण पुस्तक कुणी लिहीत नाही."

पहिला विषय, विलीनीकरण कोणत्या प्रकारचं? मला वाटलं होतं, विलीनीकरण म्हणजे विलीनीकरण. जपानीत दोन असतात. ताइतो गाप्पेइ, म्हणजे बरोबरीच्या नात्यानं. आणि क्यूशू गाप्पेइ, म्हणजे एकानं दुसऱ्याला गिळून. मी आपली हसत म्हणाले, "क्यूशू म्हणजे बेट ना?" ते हसले नाहीत. "उच्चार तोच, चित्राक्षरं वेगळी. आणि बेटावर एकटं पडणं तसं गिळलं जाण्यापेक्षा फार वेगळं नसतं. असो. इतिवृत्तात नको."

दुसरा विषय, नाव. आधी कुणाचं? इथे त्यांनी जपानी बँकांचा दाखला काढला. 2001 साली सुमितोमो आणि साकुरा या बँका एक झाल्या. साकुरा मित्सुई घराण्याची. मोठेपणा कुणाचा हा प्रश्न आलाच. तोडगा असा निघाला, की जपानीत बँकेचं नाव मित्सुई सुमितोमो आणि इंग्रजीत सुमितोमो मित्सुई. घरी एक पुढे, बाहेर दुसरा. "दोघांच्याही बायका खूश," घटनासेनसेई म्हणाले. त्याच धर्तीवर त्यांनी सुचवलं, की इंग्रजी नावात कॉलेज आधी यावं, जपानी नावात शाळा. शाळावाल्यांना ते पसंतही पडलं. मग त्यांनी विचारलं, "आणि मराठीत?" मराठीत नाव कशाला हवं, याचं उत्तर त्यांनी "सचिवांच्या टिपणासाठी" असं दिलं. त्यात एक बैठक गेली.

तिसरा विषय अध्यक्षपदाचा. त्यावर तासुकिगाके. तासुकी म्हणजे किमोनोच्या बाह्या वर बांधायची पट्टी; ती पाठीवर फुलीसारखी एकमेकींना छेदते. दोन कंपन्या एक झाल्या की एकदा यांचा अध्यक्ष, एकदा त्यांचा, या आलटून-पालटून व्यवस्थेला जपानी लोक त्या पट्टीचं नाव देतात. आमच्याकडेही तसंच ठरलं आणि पहिली पाळी शाळावाल्यांची म्हणून माझी लागली. मी नको नको म्हणत होते. "नकार लेखी द्यावा लागतो," ते म्हणाले, "आणि त्याचा नमुना अजून मंजूर व्हायचाय."

चौथा विषय मात्र तोंडाला फेस आणणारा निघाला. रोमन लिपी. नव्या संस्थेच्या वार्तापत्रात जपानी शब्द रोमनमध्ये लिहायचे कसे? शाळावाले हेपबर्नचे. हेपबर्न हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी मिशनरी डॉक्टर. जपानी-इंग्रजी कोश त्यानं केला आणि 'शि', 'चि', 'त्सु' इंग्रजांच्या कानाला रुचेल असे लिहिले. घटनासेनसेई दुसऱ्या घराण्याचे. अमेरिकेत आल्यावर त्यांचं सगळं शिक्षण एलेनॉर जॉर्डन यांच्या 1987 सालच्या 'जपानीज: द स्पोकन लँग्वेज' या पुस्तकावर झालेलं. त्यात 'शि'ला एस-आय, 'चि'ला टी-आय आणि 'त्सु'ला टी-यू. ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं, पण क्रियापदाची रूपं चालवताना ती पद्धत घड्याळासारखी चालते. या एका 'एच'वरून आमच्या समितीत जे शब्द वापरले गेले, ते दोन्ही पद्धतींत लिहिता येतात, पण लिहू नयेत.

शेवटी घटनासेनसेई उभे राहिले आणि त्यांनी लेखी ठराव मांडला. वार्तापत्रातले जपानी शब्द देवनागरीत छापावेत. 'शि' म्हणजे शि, 'त्सु' म्हणजे त्सु, वादच मिटला. लिपी शास्त्रशुद्ध आहे. जपानी वर्णमालेचा आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रमही आपल्याच वर्णक्रमाच्या वळणावर बेतलेला. खोलीतले अकरा अमेरिकी आणि जपानी चेहरे त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

"अनुमोदकाअभावी ठराव बारगळला," त्यांनीच जाहीर केलं आणि स्वतःच्याच ठरावावर दोन्ही शिक्के मारून तो फाईलला लावला.

रात्री फोन. "अगं, तुला अनुमोदन देता आलं नसतं, ते मला माहीत होतं. तू दुसऱ्या संस्थेची. मी बघितलं ते सहज."

असे दोन हिवाळे गेले. जपानमध्ये 1999 ते 2010 या काळात गावं, शहरं एकमेकांत विलीन करण्याची लाट आली. तीन हजार दोनशेहून अधिक नगरपालिका-ग्रामपालिका होत्या, त्या सतराशेच्या घरात आल्या. तेवढ्या अवधीत निम्मा देश नव्यानं आखला गेला. आमच्या दोन संस्था, मिळून एका बसएवढी माणसं, त्यांचं घोडं दोन वर्षांत वर्गणीच्या कलमावर येऊन थांबलेलं. आमची मंडळी आता उघड म्हणू लागली, "त्यांना व्हायलाच नकोय." मीही म्हणत असे. कारण कळत नव्हतं. हरकत प्रत्येक कलमाला होती आणि प्रत्येक हरकत कागदावर बरोबर होती.

एकाच कलमावर त्यांनी कधी शब्द काढला नाही. कलम चार, सदस्यत्व. 'सदस्य म्हणजे, चालू सत्रात जपानी भाषा शिकवणारी व्यक्ती.' हे कलम त्यांचं स्वतःचं, फार जुनं आणि त्यांच्या अभिमानाचं. त्याचं असं झालं होतं, की गावातल्या एका सुशीवाल्यानं वर्गणी भरून कॉलेजवाल्यांच्या संस्थेत प्रवेश मिळवला होता आणि पुढच्याच सभेत अध्यक्षपदाला उभा राहिला होता. भाषण छान केलं, वर सगळ्यांना फुकट सुशी. निवडून येणार हे दिसत होतं. घटनासेनसेईंनी रातोरात कलम चार लिहिलं आणि संस्था माशांपासून वाचवली. नव्या घटनेचा मसुदा करताना आमच्याकडच्या कुणाच्या तरी मनात आलं, की म्हाताऱ्याचा एवढा तरी मान ठेवू. म्हणून ते एक कलम आम्ही जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट उचललं. मी त्यांना हौसेनं सांगितलं. ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "उत्तम. कलम निर्दोष आहे."

शेवटी कॉलेजवाल्यांची विलीनीकरणाची सर्वसाधारण सभा ठरली. जानेवारीतला शनिवार, सकाळी दहा, सार्वजनिक वाचनालयातली मागची खोली. दुसऱ्या संस्थेचा एक निरीक्षक हजर असावा, असा नियम होता. नियम कुणाचा, ते सांगायला नको. मी पहाटे निघाले. रस्त्यावर बर्फाचे नांगर फिरत होते आणि दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं, दाढीचे खुंट वाढल्यासारखी.

खोलीत घटनासेनसेई एकटेच. कानटोपी, मफलर, समोर फाईल, थर्मास, शिक्के, टाचण्यांची डबी. नऊ खुर्च्या अर्धवर्तुळात मांडलेल्या. फळ्यावर मराठी सोसायटीच्या नोटिशीला शोभेल अशा अक्षरात, पण इंग्रजीत, विषयपत्रिका. सर्वांत खाली, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय.

"बाकीचे?" मी विचारलं.

"सहा जणांच्या ईमेल आल्यात, आमची संमती धरावी म्हणून. पण घटनेत 'उपस्थित' म्हटलंय." त्यांनी घड्याळ बघितलं. दहा वाजून पंधरा मिनिटं झाल्यावर उभे राहिले आणि रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून म्हणाले, "गणसंख्येअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे. तहकूब सभा अर्ध्या तासाने याच ठिकाणी घेण्यात येईल आणि तिला गणसंख्येची अट राहणार नाही."

महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीच्या नोटिशीत हे वाक्य असतं. कोथरूडच्या त्यांच्या इमारतीतून ते मक्याच्या राज्यात आलं, तेव्हा म्हणे अमेरिकी प्राध्यापकांनी तीनदा वाचून घेतलं होतं. कोरम नाही म्हणून सभा थांबवायची आणि अर्ध्या तासानं तीच सभा कोरमशिवाय घ्यायची? मग थांबवायची कशाला? यावर त्यांचं उत्तर एकच. "सभ्यता म्हणून."

ते बसले. मग आवाज बदलला.

"ये गं, जवळ ये. चहा घे. गार होऊन आली असशील."

थर्मासच्या झाकणात त्यांनी मला चहा दिला आणि स्वतः वाचनालयाच्या कागदी पेल्यात घेतला. आल्याचा ठसका बसला. बाहेर नांगर एकदा येऊन गेला.

"तुमच्या सत्राचं कसं काय?" मी सहज विचारलं. "सुरू झालं का?"

"सत्र सुरू झालं," ते म्हणाले. "जपानी नाही."

मी झाकण खाली ठेवलं.

"दोन वर्षांमागेच ठरलं होतं. नवीन प्रवेश बंद. आहेत त्यांना पूर्ण करून द्या म्हणाले. शेवटी तीन पोरं उरली होती. डिसेंबरात संपलं. एक पोरगा चांगला आहे. 'त्सु' स्वच्छ म्हणतो."

मला काही सुचेना. कलम चार डोक्यात आपोआप वाचलं जाऊ लागलं, स्वल्पविरामासकट.

"म्हणजे तुम्ही..."

"सदस्य नाही. एक जानेवारीपासून नाही. पण सचिव आहे. कलम नऊ. नवीन पदाधिकारी पदभार घेईपर्यंत जुन्यांनी काम पाहायचं. जुनी संस्था आहे तोवर नवीन येणार कुठून? म्हणून जुनी संस्था जरा..." त्यांनी पेला फिरवला. "जरा सावकाश चालवली."

"पण कलम चारवर हरकत घ्यायची ना! बाकी सगळ्यांवर घेतलीत!"

"स्वतःच्या फायद्याची हरकत सचिवानं घेऊ नये."

"हे कुठल्या कलमात आहे?"

"कलमात नाही. लिहायचं राहिलं."

आम्ही दोघं काही वेळ नऊ खुर्च्यांकडे बघत बसलो. त्यांनी मला नेमावाशी या शब्दाचा अर्थ विचारला, परीक्षा घेतल्यासारखा. मी म्हटलं, बैठकीच्या आधी प्रत्येकाला गाठून संमती मिळवणं. "तो झाला कचेरीतला. मूळचा माळ्यांचा आहे. मोठं झाड दुसरीकडे लावायचं असलं की आधीपासून मुळांच्या भोवती खणत जायचं. एकदम उपटलं तर मरतं." एवढंच बोलले. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, "अजून चार मिनिटं आहेत. लाडू खातेस?"

डिंकाचा लाडू खाता खाता माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. "थांबा. तुम्ही सदस्य नाही. मी दुसऱ्या संस्थेची. मग आज सभेला सदस्य किती?"

"शून्य."

"मग ठराव होणार कसा?"

दोन वर्षांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर मला खट्याळपणा दिसला. "तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही. शून्य ही संख्याच आहे, आणि ती आपणच जगाला दिली."

पावणेअकराला ते उभे राहिले, मफलर नीट केला. "निरीक्षक महोदया, आपण आसनस्थ व्हावं." मी बसलेलीच होते; पुन्हा बसले. त्यांनी ठराव पूर्ण वाचला. दोन्ही संस्थांचं बरोबरीच्या नात्यानं विलीनीकरण, शिल्लक रक्कम नव्या संस्थेकडे, दप्तर नव्या संस्थेकडे. 'दप्तर'पाशी आवाज किंचित अडकला. विरोधात कोण, असं विचारून त्यांनी खुर्च्यांकडे एकेक करून पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं. मग लिहिलं, 'उपस्थित सदस्य शून्य. विरोध शून्य. तटस्थ शून्य. ठराव सर्वानुमते मंजूर.' रबरी शिक्का मारला. हांको मारला. लाल शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिले.

"आयत्या वेळचे विषय," ते म्हणाले. "नाहीत. सभा..."

"आहे," मी म्हणाले.

"निरीक्षकांना बोलण्याचा अधिकार नाही."

"आत्ता ही संस्था आहे कुठे? मी नव्या संस्थेची नियोजित अध्यक्ष म्हणून बोलतेय."

ते विचारात पडले. मुद्दा बरोबर होता. त्यांनी हातानं 'बोला' अशी खूण केली. मी विषयपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आणि पुढे सरकवलं. 'कलम चार. सदस्य म्हणजे सेनसेई.'

त्यांनी चष्मा वर केला. "व्याख्या?"

"शब्दातच आहे. सेन म्हणजे आधी, सेई म्हणजे जन्मलेला. आधी जन्मलेला. वर्ग चालू असला पाहिजे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही."

"कोणाच्या आधी जन्मलेला? संदिग्ध आहे."

"विद्यार्थ्याच्या."

"कोणत्या विद्यार्थ्याच्या? या व्याख्येत सुशीवालासुद्धा आत येईल."

"येऊ दे. पिझ्झा आणि बिस्किटांचा वाद तरी मिटेल."

त्यांनी कागद बराच वेळ हातात धरला. मग खिशातून लाल पेन काढून 'सेनसेई'च्या पुढचा माझा पूर्णविराम गोल करून दुरुस्त केला, समासात तारीख टाकली आणि म्हणाले, "आज घेता येणार नाही. पंधरा दिवसांची पूर्वसूचना लागते. पुढच्या सभेत ठेवा. सूचक आपण. अनुमोदक शोधावा लागेल."

"शोधते. आणि तो देवनागरीचा ठरावही पुन्हा मांडा. त्याला अनुमोदन माझं."

"अध्यक्षांना अनुमोदन देता येतं की नाही, बघावं लागेल," ते म्हणाले आणि कानटोपी काढून टेबलावर ठेवली. कानटोपीशिवाय मी त्यांना तोवर कधी पाहिलं नव्हतं. मग फाईलच्या नाड्या बांधल्या, शिक्के डबीत घातले, खुर्च्या एकेक करून भिंतीला लावल्या, शेवटची जरा वेळ धरून ठेवली. थर्मास उचलताना इकडे-तिकडे शोधत म्हणाले,

"अध्यक्ष महोदया, झाकण आपल्या पायाशी पडलंय. दे जरा."